थोरांची रेखाटनं उतरवून मानवाकृती शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेखाटनाच्या वर्गात नव्याने येणारी मुलं, त्यांचे पालक आणि नोकरी सांभाळून रात्री पेन्सिल हातात घेणारी मंडळी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एका जागी आणलेत. उत्तरं मानवाकृतीपुरती, म्हणजे वर्गात ज्याला आपण 'फिगर' म्हणतो तेवढ्यापुरतीच आहेत. निसर्गचित्र आणि रंगकाम यांचं गणित वेगळं आहे.

शाळेत 'बघून काढू नकोस, मनाने काढ' असं सांगतात. मग नक्कल करून शिकणं ही लबाडी नाही का?

मनाने काढायला मनात आधी काही साठलेलं असावं लागतं. युरोपात कित्येक शतकं चित्रकार घडले ते आधीच्यांचं काम उतरवूनच. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने होतकरू मुलांसाठी लिहून ठेवलं, की उत्तम गुरूचं काम सतत उतरवत राहा आणि शक्यतो एकच गुरू धर. आज हा, उद्या तो असं केलंस तर कुणाचाच हात अंगात मुरणार नाही. मायकेलअँजेलो पोरवयात फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये जॉत्तो आणि मझाच्चो यांची भित्तिचित्रं उतरवत असे. जॉत्तोवरून केलेलं त्याचं एक रेखाटन आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मझाच्चोवरून केलेलं म्युनिकमध्ये. (तिथेच सोबत चित्रं उतरवणाऱ्या तोरिजानो नावाच्या मुलाने भांडणात त्याच्या नाकावर असा ठोसा हाणला, की नाक जन्मभर वाकडं राहिलं. वर्गातली भांडणं काही आजची नाहीत.)

आपल्याकडेही मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते हीच शिस्त घेऊन. आधी सपाट चित्रावरून, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतींवरून आणि त्यानंतर जिवंत माणसावरून, असा तो क्रम. १८९० मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून आलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर याच मुशीतून तयार झाले.

लबाडी होते ती नक्कल लपवून स्वतःचं म्हणून मिरवताना. त्याबद्दल पुढे बोलू.

मग हुबेहूब आलं की काम झालं?

नाही, आणि बहुतेक जण अडकतात ते इथेच. हुबेहूब उतरलेली पण डोक्यात काहीही न गेलेली नक्कल मी ढिगाने पाहिलीय. मुलगा चार दिवस मान मोडून बसतो, सुरकुतीन् सुरकुती आणतो, आणि पाचव्या दिवशी समोर काकाला बसवून 'काढ' म्हटलं, की मान थेट कानापासून सुरू होते.

जिवंत माणूस समोर असतो तेव्हा डोळ्यांना असंख्य गोष्टी दिसत असतात. चित्रकार त्यातल्या मोजक्या उचलतो. त्याने काय उचललं, काय सोडलं, रेषा कुठे दाबली, कुठे तोडली, सावली कुठे आणून थांबवली, हे सगळं त्याच्या कागदावर उघडं पडलेलं असतं. फोटोत हे सापडत नाही, कारण कॅमेरा काहीच सोडत नाही. तेव्हा उतरवायचे ते हे निर्णय.

त्यासाठी एक साधी सवय लावून घ्या. नक्कल सुरू करण्याआधी कागदाच्या मागे एक प्रश्न लिहा. एकच. 'वजन कोणत्या पायावर आहे आणि ते मला कशावरून कळलं?' किंवा 'सावलीची कड कुठे धारदार आहे, कुठे विरलीय?' किंवा 'बाह्यरेषा कुठे आत शिरते?' त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नक्कल अर्धवट असली तरी ठेवून द्या. मायकेलअँजेलोनेही सगळी पूर्ण केली नव्हती.

सुरुवात कुणापासून करू?

सावली स्वच्छ दोन भागांत वाटणाऱ्या आणि रेषेत थयथयाट नसलेल्या माणसापासून. राफाएल, आंद्रेआ देल सार्तो, हान्स होल्बाइन ही नावं सुरुवातीला बरी. होल्बाइनचे चेहरे फार थोड्या रेषांत उभे आहेत, त्यामुळे चूक लगेच दिसते. दमछाक होते, पण शिकायला होतं.

एगॉन शीले तरुणांना फार आवडतो. त्याची काटेरी रेषा दिसायला सोपी वाटते. ती सोपी नाही. हाडं कुठे आहेत हे पक्कं माहीत असलेल्या माणसाने मुद्दाम मोडलेली रेषा आहे ती. पहिल्या वर्षी शीले केला की हाती फक्त वाकडी बोटं लागतात. तिसऱ्या वर्षी करा.

बार्गच्या प्लेट्स म्हणजे काय? सगळे त्यांचंच नाव घेतात.

शार्ल बार्ग हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आणि शिळाछापाचा कसबी कारागीर. चित्रकार जेरोम याच्या सोबतीने त्याने रेखाटनाचा एक अभ्यासक्रमच छापील तक्त्यांच्या रूपात तयार केला. पॅरिसच्या गुपील या प्रकाशकाने तो १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत बाजारात आणला. एकूण १९७ तक्ते, तीन भाग. पहिल्या भागात प्लास्टरच्या मूर्तींवरून ७० तक्ते : आधी नुसता डोळा, कान, पाऊल, हात, मग धड आणि पूर्ण मूर्ती. दुसऱ्यात थोर चित्रकारांच्या कामावरून ६७, त्यात होल्बाइनचे बरेच. तिसऱ्यात नग्न पुरुष मॉडेलवरून ६०, तेही जवळजवळ नुसत्या बाह्यरेषेत.

पहिल्या भागातल्या बऱ्याच तक्त्यांवर दोन चित्रं शेजारी शेजारी असतात. एक पूर्ण छायांकित, दुसरं नुसत्या सरळ रेषांचं. गोल खांदा, गुबगुबीत गाल, कानाची पाळी, सगळं आधी सरळ रेषांच्या तुकड्यांत बसवलेलं. वळणदार रेषा कुठे वळते हे नेमकं सांगता येत नाही. दोन सरळ रेषा कुठे मिळतात ते बोट ठेवून दाखवता येतं आणि मोजताही येतं. पद्धतीची सगळी गोम यात आहे. त्यानंतर सावलीची सीमा एका रेषेने आखायची, सावली सगळी एकाच करड्या छटेने भरायची आणि मधल्या छटा सर्वांत शेवटी.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणींच्या भागात राहत होता. गुपीलच्या हेग शाखेचे व्यवस्थापक टेर्स्टीग यांच्याकडून त्याने बार्गचे तक्ते मागवून घेतले आणि एकामागून एक उतरवून काढले. व्हिन्सेंट स्वतः आधी गुपीलच्या हेग शाखेत नोकरीला होता, म्हणून ओळख होती. विशेष म्हणजे १८९० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, त्याने ते तक्ते पुन्हा मागवले आणि पुन्हा उतरवले. तोपर्यंत सूर्यफुलं आणि तारांकित रात्र काढून झाली होती! 'बेसिक झालं, आता पुढचं शिकवा' म्हणणाऱ्यांनी ही तारीख टिपून ठेवावी.

माझं मत विचाराल तर सगळे १९७ करायची गरज नाही. पहिल्या भागातले आठ-दहा आणि तिसऱ्यातले पाच-सहा नीट केले तरी हात आणि डोळा दोन्ही सुधारतात. एकेका तक्त्यावर महिना महिना घासत बसायची टूम मला मान्य नाही. तेवढ्या काळात जिवंत माणूस किती वेळा काढून होतो!

थोरामोठ्यांचं एखादं रेखाटन घेऊन प्रत्यक्ष कृती सांगाल?

सांगतो. मायकेलअँजेलोचा लिबियन सिबिलसाठी केलेला अभ्यास घ्या. सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या त्या भविष्यवेत्त्या स्त्रीची ही तयारी, साधारण १५१०-११ मधली, लाल खडूत. मूळ कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आकार साधारण २९ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आपला ए-फोर. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा उतरवून घ्या, ए-फोरवर रंगीत छापून आणा, म्हणजे मूळ मापाची प्रत हातात येते. मोठ्या कागदावरचं चित्र मोबाइलच्या पडद्यावर बघून उतरवण्यात अर्धी मेहनत वाया जाते. इथे ती अडचण नाही.

पहिली पाचदहा मिनिटं पेन्सिल खाली ठेवा आणि नुसतं बघा. मुख्य आकृती पाठमोरी बसलीय, दोन्ही हात उचललेले, मान वळलेली. छतावर बाई असली तरी इथे समोर बसलाय तो तरुण पुरुष. त्याच कागदावर आजूबाजूला चेहरा पुन्हा, धड पुन्हा, हात पुन्हा, आणि खालच्या बाजूला डाव्या पायाची बोटं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इतका मोठा माणूस पायाच्या अंगठ्यावर का अडकला? कारण अंगाला पीळ देऊन बसलेल्या आकृतीचा भार त्या पावलाच्या पुढच्या टोकावर येतो. अंगठा जमिनीवर नीट दाबलेला दिसला नाही तर वरचं सगळं अंग अधांतरी वाटेल. छताखाली उभा राहणारा माणूस तिथवर बघेलच असं नाही, पण तोल बिघडला तर त्याला तो जाणवेल.

आता पेन्सिल. खांद्यांचा आस एका रेषेने, कमरेचा दुसऱ्या. दोन्हींतला कोन बघा, कारण पीळ तिथे आहे. मग कण्याची घळ एका सलग रेषेने वरून खाली. एवढ्या तीन रेषा चुकल्या तर पुढे कितीही छटा द्या, उपयोग नाही. म्हणून इथे हवा तेवढा वेळ घ्या. त्यानंतर डोकं, दोन्ही कोपरं आणि कमर या टोकांना सरळ रेषांनी जोडून बाहेरचा आकार बांधा. त्या बाहेरच्या मोकळ्या जागांचे आकार तपासा. काख आणि उचललेला हात यांच्यामधला रिकामा त्रिकोण खोटं बोलत नाही.

मग पाठ. खांद्यांची पाती, म्हणजे फरे, हात उचलल्यावर आपल्या जागेवरून सरकतात. स्वतःचा हात वर करून दुसऱ्या हाताने चाचपून बघा. घरातल्या कुणाला तरी बनियनवर उभं करून पाहिलंत तर आणखी चांगलं. कागदावरचा प्रत्येक उंचवटा कोणत्या हाडाचा किंवा स्नायूचा, हे कळल्याशिवाय त्यावर छटा देऊ नका. कळलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. अशी प्रश्नचिन्हं हाच तुमचा शरीररचनेचा पुढच्या आठवड्याचा अभ्यासक्रम.

छटा देताना तिरप्या रेषांची दिशा बघा. त्या आकारावरून वळत जातात, एकाच दिशेने सरसकट ओढलेल्या नाहीत. कुठे मऊ चोळलंय, कुठे खडूचं टोक ओलं केल्यासारखी गडद धार आलीय. डाव्या खांद्यावर पांढऱ्या खडूचा अगदी बारीक स्पर्श आहे, बाकी सगळीकडे कागदच उजेडाचं काम करतो. आणि सगळा भर पाठ, खांदे आणि दंडांवर. कमरेखालच्या भागाला रेषा फारशा मिळालेल्याच नाहीत. जे कळलंय ते सोडून द्यायचं धैर्य त्याच्याकडे होतं. नक्कल करताना तुम्हीही तो भाग भरून 'पूर्ण' करू नका.

शेवटचा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग. मूळ प्रत उलटी ठेवा आणि तीच आकृती आठवून काढा. मग घरात कुणाला तरी साधारण तसंच बसवून समोर बघून काढा. नक्कल, आठवण, जिवंत माणूस, हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की काय शिकलात ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

ट्रेसिंग किंवा ग्रिड चालेल?

ट्रेसिंग पेपर आधी नको, नंतर जरूर. नक्कल हाताने करा, मग मूळ प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून मुख्य रेषा घ्या आणि आपल्या चित्रावर टाकून बघा. बहुतेकांची डोकी मोठी आणि पावलं छोटी निघतात. चूक दर वेळी एकाच बाजूला होत असेल तर बोर्ड डोळ्यांच्या समोर सरळ नाही, तिरका आहे, हे समजा.

चौकटी पाडून मोठं करणं हा जुना, प्रामाणिक धंदा आहे. सिनेमाचे प्रचंड बॅनर रंगवणारे चौकटींवरच काम करत. पण त्यांना बॅनर वेळेत लावायचा असे, तुम्हाला डोळा तयार करायचाय. चौकट जागा सांगते; नातं सांगत नाही. त्याऐवजी ओळंबा वापरा. दोऱ्याला एक जड नट बांधला की झाला. तो समोर धरून बघा : हनुवटीच्या बरोबर खाली काय येतं? उभ्या माणसात मानेच्या खळगीखाली भार असलेल्या पायाचा घोटा येतो का?

साहित्य काय लागेल? खर्च किती?

कमी. क्वार्टर इंपिरियल, म्हणजे साधारण १५ बाय ११ इंची कार्ट्रिज कागद, टू-बी आणि फोर-बी पेन्सिली, चारकोलच्या काड्या, मळून आकार देता येईल असा मऊ खोडरबर, बोर्ड आणि दोन क्लिपा. सरावाला न्यूजप्रिंट. रंगीत पार्श्वभूमीच्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काम करायची जुनी रीत शिकायची असेल तर वह्यांना कव्हर घालायचा ब्राउन पेपर आणि पांढरी खडूपेन्सिल पुरते. तो कागद टिकत नाही, दोनचार वर्षांत ठिसूळ होतो. पण ही चित्रं टिकवायची कुठे आहेत?

प्रतिमा कुठून घ्यायच्या?

थेट संग्रहालयांकडून. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, सगळ्यांनी स्वामित्वहक्क संपलेल्या हजारो कामांच्या मोठ्या प्रतिमा फुकट दिल्या आहेत. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातली लिओनार्दोची रेखाटनंही त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतात. पिंटरेस्टवरून घेऊ नका. तिथली चित्रं कापलेली असतात, गडद केलेली असतात, कधी कधी आरशातल्यासारखी उलटीही असतात. मापही कळत नाही. संग्रहालयाच्या पानावर माप, माध्यम आणि साल दिलेलं असतं. माध्यम वाचल्याशिवाय सुरुवात करू नका. शाईची रेषा पेन्सिलीने उतरवली की रेषेचा जीवच जातो.

तैलचित्रावरून करू की रेखाटनावरून?

रेखाटनावरून. तैलचित्रात निर्णय रंगाखाली गाडले गेलेले असतात.

आधी अ‍ॅनाटॉमी शिकू का?

दोन्ही सोबत. फक्त एक सावधगिरी. थोरांच्या कागदावरची शरीररचना प्रमाण मानू नका. मायकेलअँजेलोच्या बऱ्याच स्त्रिया पुरुष मॉडेलवरून आल्या, हे वर पाहिलंच. बाईचं शरीर त्याच्याकडून शिकायला जाऊ नये. त्यासाठी रुबेन्स, प्रूदाँ, देगा, केटे कोलविट्झ आहेत. पोन्तोर्मोची माणसं ताणलेली असतात. अँग्रच्या १८१४ च्या निजलेल्या ओदालिस्कला, म्हणजे जनानखान्यातल्या बाईच्या चित्राला, पाहून टीकाकारांनी तिच्या पाठीत मणके जास्त असल्याचं म्हटलं होतं. अँग्रला मणके मोजता येत नव्हते असं थोडंच आहे? त्याला ती लांब रेषा हवी होती. अशा ठिकाणी नक्कल करताना मणका मोजून चूक काढण्यापेक्षा, लांबवल्याने काय साधलं ते बघावं.

फक्त युरोपियनच का? आपल्याकडे काय थोर चित्रकार नाहीत?

आहेत, आणि त्यांच्या नकलेचा इतिहासही भरपूर, थोडा दुःखाचाही आहे. अजिंठ्याची चित्रं उतरवायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे राहिला; त्याच्या मोठमोठ्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा पुन्हा तिथे गेले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातले एक. त्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. पुढे १९०९ ते १९११ दरम्यान इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण गेले. नंदलाल बोस यांच्या पुढच्या कामातली रेषा पाहा, अजिंठ्याच्या मुक्कामाने त्यांच्या हाताला काय दिलं ते दिसतं.

अजिंठ्याची आकृती उतरवताना प्रश्न बदलतात. तिथे एका बाजूने येणारा उजेड आणि पडणारी सावली शोधत बसू नका. उभार दाखवायला छटा आहे, पण ती आकाराच्या कडेने आत वळते. उरलेलं सगळं काम रेषा करते. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईपासून नाकापर्यंतची रेषा किती कमी वेळा भिंतीवरून उचलली गेलीय, एवढंच बघायला एक सकाळ द्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक, शशक असे पाच प्रकार मापांसह दिलेत, उभं राहण्या-वळण्याची नऊ स्थानं दिलीत आणि दूर जाणारा अवयव आखूड, जवळचा मोठा दिसतो त्याला क्षय-वृद्धी म्हटलंय. वर्गात ज्याला फोरशॉर्टनिंग म्हणतो तेच.

आणि मूर्ती! प्लास्टरची मूर्ती घरी नाही म्हणून रडणाऱ्यांनी लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं. दरवाजाशेजारची ती भरदार दांपत्यं, रुंद खांदे, एका पायावर टाकलेला भार, यापुढे कुठली प्लास्टरची मूर्ती लागते? घारापुरीही आहे, सोमवारी मात्र बंद असते. एम. आर. आचरेकरांनी १९५८ साली 'रूपदर्शिनी'त भारतीय शिल्पं आणि जिवंत मॉडेलची रेखाटनं शेजारी शेजारी मांडून हाच धडा दिला.

घरात नग्न चित्रं काढत बसलं की आई-आजी ओरडतात.

हात आणि पावलांपासून सुरू करा. ड्यूररने १५०८ मध्ये निळ्या कागदावर काढलेले जोडलेले हात व्हिएन्नाच्या अल्बर्टिनात आहेत. आजीला तेही आवडतील. मग पाठी, मग कपड्यांच्या चुण्या. मुंबईतही जे. जे. मध्ये नग्न मॉडेलचा वर्ग १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आल्यावरच सुरू झाला, तेव्हा संकोच फक्त तुमच्याच घरात आहे असं नाही. वर्ग लावलात तर मॉडेल म्हणून बसणारी बाई किंवा बाप्या मेहनतीचं काम करतोय हे लक्षात ठेवा. फोटो काढायचे नाहीत, विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही, मधल्या सुट्टीत चहा आधी त्यांना द्यायचा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला याचा उपयोग होईल?

स्मरणचित्राच्या पेपरला थेट होतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक होते. ते मुलांना लूव्रमध्ये पाठवायचे, चित्र डोळ्यांनी पाठ करायला लावायचे आणि वर्गात परत आल्यावर आठवणीतून काढून घ्यायचे. होल्बाइनने रंगवलेलं इरॅस्मसचं चित्र त्यांच्या विद्यार्थ्यांनी असं पाठ केलं होतं. रोदाँ हा त्यांचाच विद्यार्थी. आपल्याकडे स्मरणचित्र म्हणजे 'बाजार', 'पावसाळा', 'बसस्टॉप' यांची ठरलेली माणसं पाठ करणं होऊन बसलंय : डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीतला मुलगा, पिशवीवाले आजोबा. क्लासवाले ती घोटून घेतात, मुलांना ग्रेड मिळते आणि माणूस काढता येत नाही तो नाहीच. त्याऐवजी रेम्ब्राँची शाईतली छोटी रेखाटनं घ्या. पाच-सात फटकाऱ्यांत चालायला शिकणारं मूल, त्याला धरणारी बाई. एक बघा, झाका, काढा, उघडा, तपासा. मग खऱ्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहा.

नक्कल करून माझी स्वतःची स्टाइल मरेल का?

सुरुवातीला स्टाइल नसतेच, खोडी असतात. त्या मेल्या तर बरंच. खरा धोका निराळा आहे आणि तो लिओनार्दोने सांगून ठेवलाय : जो फक्त दुसऱ्या चित्रकारांचंच बघून काढतो तो निसर्गाचा मुलगा राहत नाही, नातू होतो. म्हणून आठवड्याला जेवढा वेळ नकलेला, निदान तेवढाच जिवंत माणसाला. मॉडेल परवडत नसेल तर आरसा आहे, लोकलमध्ये डुलक्या घेणारे आहेत, सीएसएमटीच्या बाकांवर तासन्‌तास न हलणारे प्रवासी आहेत.

केलेली नक्कल इन्स्टावर टाकू? विकू?

टाका, पण 'अमुक चित्रकारावरून' असं लिहून. विकायचा विचार असेल तर स्वामित्वहक्क बघा. भारतात तो साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मातीस १९५४ मध्ये गेला, त्याचा संपला. पिकासो १९७३ मध्ये गेला, त्याचा २०३३ अखेरपर्यंत आहे. परदेशात मुदती वेगळ्या. घरी शिकण्यासाठी करायला कुणाची हरकत नसते. मूळ सही मात्र कधीही उतरवू नका. लूव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांना तर मूळ चित्राच्या मापाची प्रत करायलाच मनाई आहे, बनावट खपवली जाऊ नये म्हणून. मायकेलअँजेलोबद्दल सांगतात, की तरुणपणी तो नकलांना धूर देऊन जुनं करायचा आणि मूळ चित्र स्वतःकडे ठेवून मालकाला नक्कल परत करायचा. तेवढं अनुकरण करू नका.

टॅबवर केलं तर?

चालेल, दोन अटींवर : झूम करायचं नाही आणि अनडू वापरायचं नाही. बहुतेकांना पंधरा मिनिटांत कागद आठवतो.

मी डावखुरा आहे. तिरप्या रेषा उलट्या येतात.

येऊ द्यात. लिओनार्दोही डावखुराच होता. त्याच्या छटेच्या रेषा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतात, आणि एखादं रेखाटन त्याचं की शिष्याचं हे ठरवताना अभ्यासक तेच बघतात. डावखुऱ्यांनी त्याच्यापासूनच सुरुवात करावी, हात नैसर्गिक चालेल. उजव्या हाताच्या चित्रकाराचं काम घेतलंत तर छटेची दिशा आपल्या हाताला सोयीची ठेवा. मात्र आकारावरून वळणाऱ्या रेषा जिथे आहेत, तिथे कागद फिरवून त्या मूळ दिशेनेच घ्या. उजेडाचा दिवा उजव्या बाजूला ठेवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली चित्रावर पडते.